निकोला-तूसाँ शार्ले

निकोला-तूसाँ शार्ले (जन्म : २० डिसेंबर, इ.स. १७९२, पॅरिस, मृत्यू : इ.स. १८४५, पॅरिस) हा फ्रेंच चित्रकार व शिलामुद्रणकार होता. स्वच्छंदतावादी कालखंडात सैनिकी जीवनाची आणि सर्वसामान्य लोकांच्या दैनंदिन व्यवहारांची चित्रे काढणारा कलावंत म्हणून तो ओळखला जातो. त्याने एक हजाराहून अधिक शिलामुद्रिते तयार केली. यांशिवाय जलरंगचित्रे, सेपिया रेखाटने व थोडी तैलचित्रे असा त्याचा कलासंभार आहे. नेपोलियन बोनापार्टच्या पाडावानंतर फ्रान्समध्ये त्याच्या सैन्याचे गुणगान करणे राजसत्तेला रुचणारे नव्हते. त्या काळात शार्लेच्या स्वस्त मुद्रितांनी पराभूत सैन्यातील सामान्य शिपायाची प्रतिमा घरोघरी नेली. नेपोलियनविषयीची लोकप्रिय आख्यायिका घडवणाऱ्यांमध्ये कवी बेरांझे याच्याबरोबर शार्लेचेही नाव घेतले जाते.

बालपण व शिक्षण

शार्लेचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, फ्रान्समध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाल्यानंतर तीनच महिन्यांनी झाला. त्याचे वडील प्रजासत्ताकाच्या सैन्यात ड्रॅगून, म्हणजे घोडदळातील शिपाई होते. सैन्यात असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि पत्नी व लहान मुलगा हलाखीत पडले. शार्लेची आई करारी स्वभावाची होती. तिची नेपोलियनवर अढळ निष्ठा होती आणि मुलगा याच निष्ठेत वाढला. तुटपुंज्या मिळकतीतही तिने त्याला लिसे नेपोलियन या शाळेत घातले. ही शाळा आज लिसे आंरी-कात्र या नावाने ओळखली जाते. शार्लेला आईविषयी आयुष्यभर अतिशय जिव्हाळा होता.

चित्रे काढण्याची आवड त्याला लहानपणापासून होती. परंतु घरची परिस्थिती पाहता नोकरी करणे भाग होते. पॅरिसमधील एका विभागाच्या नगरपालिका कार्यालयात त्याला कारकुनाची जागा मिळाली. सैन्यात दाखल होणाऱ्या तरुणांची नोंद करणे हे त्याचे काम होते. साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांत युद्धे लांबत गेली, तशी सक्तीच्या भरतीची मागणीही वाढत गेली. गोंधळलेले खेडूत, उसने अवसान आणलेले कामगार, निरोप द्यायला आलेल्या आया अशा माणसांशी या कामामुळे त्याचा संबंध येत असे. पुढे त्याच्या चित्रांत वारंवार येणारा नवशिका रंगरूट या काळात त्याच्या परिचयाचा झाला.

क्लिशीच्या नाक्यावरील लढाई

इ.स. १८१४च्या मार्च महिन्यात रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांची संयुक्त सेना पॅरिसच्या सीमेवर येऊन ठेपली. नेपोलियन स्वतः शहरापासून दूर होता. ३० मार्च रोजी मार्शल मोंसे याच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय रक्षक दलाने क्लिशीच्या जकात नाक्यावर शत्रूला अडवण्याचा प्रयत्न केला. या दलात दुकानदार, कारागीर, विद्यार्थी व कारकून असे साधे नागरिक होते. शार्ले त्यांच्यापैकी एक होता आणि तो शौर्याने लढला. तथापि शहर वाचले नाही. दुसऱ्या दिवशी शत्रुसैन्याने पॅरिसमध्ये प्रवेश केला आणि थोड्याच दिवसांत नेपोलियनने सिंहासनाचा त्याग केला.

नेपोलियनच्या सैन्याचा चित्रकार म्हणून कीर्ती मिळवलेल्या शार्लेने त्या सैन्याच्या एकाही मोठ्या मोहिमेत भाग घेतलेला नव्हता. त्याने पाहिलेली लढाई ही राजधानीच्या वेशीवरची, एका दिवसाची आणि हरलेली होती. इ.स. १८१५मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला व बूर्बों घराणे पुन्हा गादीवर आले. नव्या राजवटीने पूर्वीच्या सत्तेशी निष्ठा असणाऱ्यांना शासकीय सेवेतून दूर करण्यास सुरुवात केली. इ.स. १८१६मध्ये शार्लेलाही नोकरी गमवावी लागली. त्या वेळी तो चोवीस वर्षांचाही नव्हता आणि उपजीविकेसाठी चित्रकलेखेरीज त्याच्या हाती दुसरे साधन नव्हते.

ग्रो याची चित्रशाळा

नोकरी सुटल्यानंतर शार्लेने आंत्वान-झाँ ग्रो या ख्यातनाम चित्रकाराच्या चित्रशाळेत प्रवेश घेतला. जाफा येथील प्लेगच्या रुग्णांना भेट देणारा नेपोलियन आणि आयलाऊच्या रणभूमीवरील नेपोलियन या ग्रोच्या भव्य चित्रांनी साम्राज्यकाळ गाजवला होता. त्याचा गुरू झाक-लुई दाविद याला बूर्बों राजवटीत देश सोडून ब्रसेल्सला जावे लागले. आपल्या विद्यार्थ्यांची जबाबदारी त्याने ग्रोवर सोपवली होती. अभिजात रेखाटनाची शिस्त आणि समकालीन युद्धाचा विषय या दोन्ही गोष्टी शार्लेला या चित्रशाळेत मिळाल्या. मोठ्या कॅनव्हासवरील ऐतिहासिक चित्रांपेक्षा त्याचा कल झटपट रेखाटनाकडे अधिक होता. नेमक्या याच सुमारास पॅरिसमध्ये आलेले एक नवे मुद्रणतंत्र त्याच्या या वृत्तीला अनुकूल ठरले.

शिलामुद्रण

शिलामुद्रणाचा शोध अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे आलॉइस झेनेफेल्डर याने लावला. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गुणधर्मावर हे तंत्र आधारलेले आहे. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्रकार तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतो. त्यानंतर दगडावर गोंद व सौम्य आम्ल यांची प्रक्रिया केली जाते. दगड ओला केल्यावर कोऱ्या भागावर पाणी धरून राहते व रेखाटलेल्या भागावर ते ठरत नाही. मग फिरवलेली तेलकट शाई केवळ रेखाटनालाच चिकटते आणि दाबयंत्राखाली कागदावर त्याचा ठसा उमटतो. हा ठसा मूळ चित्राच्या उलट, म्हणजे डाव्याचा उजवा होऊन येतो. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात छापल्या गेलेल्या शिळाछाप पोथ्या याच तंत्राने तयार होत असत.

ताम्रपटावर चित्र कोरायला कुशल कोरक्याची व बऱ्याच दिवसांची गरज लागे. शिलामुद्रणात चित्रकाराचा हात थेट दगडावर फिरे. त्यामुळे काम लवकर होई व प्रतीही स्वस्त पडत. इ.स. १८१६मध्ये लास्तेरी व एंगेलमान यांनी पॅरिसमध्ये शिलामुद्रणालये सुरू केली. पुढच्याच वर्षी शार्लेची शिलामुद्रिते बाहेर पडू लागली. मऊ खडूने साधलेल्या छटा, गडद काळ्यापासून फिकट राखाडीपर्यंत जाणारी छायाप्रकाशाची रचना आणि मोजक्या रेषांत पकडलेली देहबोली ही त्याच्या मुद्रितांची वैशिष्ट्ये आहेत.

‘वॉटर्लूचा ग्रेनेडियर’

इ.स. १८१७मधील ‘वॉटर्लूचा ग्रेनेडियर’ हे शार्लेचे सुरुवातीचे सर्वांत लोकप्रिय शिलामुद्रित होय. पराभव अटळ असतानाही न डगमगता उभा राहिलेला नेपोलियनच्या रक्षक दलाचा शिपाई हा त्याचा विषय आहे. रक्षक दल मरण पत्करील परंतु शरण जाणार नाही, अशा आशयाची ओळ चित्राखाली दिलेली होती. हे उद्गार सामान्यतः सेनापती कांब्रोन याच्या नावावर सांगितले जातात, मात्र त्याने ते काढले नव्हते असे मानले जाते. वॉटर्लूला जेमतेम दोन वर्षे झाली असताना आलेल्या या चित्राने पराभवाला नैतिक विजयाचे रूप दिले. शार्लेच्या पुढील कामाची दिशाही येथेच निश्चित झाली.

त्या काळातील फ्रान्सच्या स्थितीत या चित्रांच्या लोकप्रियतेचे कारण सापडते. तिरंगी ध्वजाच्या जागी बूर्बों घराण्याचा पांढरा ध्वज आला होता. साम्राज्याच्या सैन्यातील हजारो अधिकाऱ्यांना अर्ध्या वेतनावर घरी बसवण्यात आले होते. युरोपभर लढलेले शिपाई गावी परतून शेतमजुरी करत होते किंवा शहरात भीक मागत होते. शासकीय प्रदर्शनांत या विषयांना थारा नव्हता. इ.स. १८२२च्या सालों या अधिकृत कलाप्रदर्शनात ओरास व्हेर्ने याचे क्लिशीच्या लढाईवरील चित्र राजकीय कारणांमुळे नाकारले गेले, तेव्हा त्याने स्वतःच्या चित्रशाळेतच प्रदर्शन भरवले. मुद्रित चित्रांची वाट याहून सोपी होती. ती दुकानाच्या काचेमागे टांगली जात आणि विकत घेण्याची ऐपत नसलेलेही रस्त्यावर उभे राहून ती पाहत. एखाद्या म्हाताऱ्या शिपायाच्या साध्या चित्रात राजद्रोह शोधणे सेन्सॉरलाही सोपे नव्हते.

प्रारंभी लोकप्रियता मिळाली तरी तिच्या प्रमाणात पैसा मिळाला नाही. शिलामुद्रणाचा दगड महाग असल्याने खप न झालेले चित्र घासून पुसून टाकीत व त्याच दगडावर नवे चित्र काढीत. इ.स. १८२२च्या सुमारास शार्लेला व्यावसायिक स्थैर्य लाभले. तेव्हापासून त्याच्या रेखाटनांचे संग्रह नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. जिओ बंधूंचे दुकान हे त्याच्या मुद्रितांच्या विक्रीचे एक प्रमुख केंद्र होते.

जेरिकोशी मैत्री

तेओदोर जेरिको हा शार्लेच्या निकटच्या मित्रांपैकी एक होता. शार्ले पॅरिसजवळच्या मदों येथील एका खानावळीसाठी चित्रे रंगवीत असताना जेरिको त्याला शोधत तेथे आला व दोघांची ओळख झाली, असे सांगितले जाते. जेरिको सधन घरातला व अंतर्मुख, तर शार्ले गरिबीत वाढलेला व थट्टेखोर होता. शिलामुद्रणाची आवड हा दोघांमधील समान धागा होता. जेरिकोने इ.स. १८१८च्या सुमारास काढलेल्या ‘रशियाहून परत’ या शिलामुद्रितात एक हात गमावलेला पायदळातील शिपाई, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या घोडेस्वाराच्या घोड्याला वाट दाखवत नेत आहे. युद्धाची किंमत मोजणारा अनाम शिपाई हा दोघांच्याही आस्थेचा विषय होता.

इ.स. १८२०मध्ये जेरिकोचे ‘मेड्युसाचा तराफा’ हे प्रचंड चित्र लंडनमधील ईजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शित झाले. त्या प्रवासात शार्ले त्याच्यासोबत होता. जेरिको त्या काळात तीव्र नैराश्याने ग्रासलेला होता. आत्महत्येच्या प्रयत्नातून शार्लेने त्याला वाचवले आणि नंतर विनोद करून त्याचे मन वळवले, अशी हकीकत शार्लेच्या चरित्रात येते. लंडनमध्ये जेरिकोने रस्त्यावरील भिकारी, घोडे व कष्टकरी यांची शिलामुद्रिते काढली. इ.स. १८२४च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी जेरिकोचे निधन झाले. त्याच वर्षी शार्लेचा विवाह झाला. त्याला पुढे दोन मुलगे झाले.

दैनंदिन जीवनाची चित्रे

शार्लेचे बरेचसे काम रणभूमीपासून दूरच्या जीवनाविषयी आहे. खेड्यातील शाळामास्तर, मारामारी करणारी पोरे, कागदी टोप्या घालून लुटुपुटूची लढाई खेळणारी मुले, गुत्त्यात गप्पा मारणारे कामगार, बाजारातल्या बायका, दाराशी बसलेले म्हातारे अशी माणसे त्याच्या रेखाटनांत दिसतात. सैनिकी व नागरी हे दोन्ही विषय त्याच्याकडे सहसा वेगळे राहत नाहीत. त्याचा शिपाई लढताना जितका दिसतो, तितकाच सूप ढवळताना, पाइप ओढताना, रंगरुटाची टर उडवताना किंवा आपल्याहून गरीब माणसाच्या हातावर नाणे ठेवताना दिसतो. नेपोलियनच्या पराक्रमाच्या कथा मुलांना ऐकवणारा लाकडी पायाचा म्हातारा हे पात्र त्या काळातील फ्रान्सच्या कोणत्याही गावात आढळण्यासारखे होते.

चित्राखालील ओळी शार्ले अतिशय काळजीपूर्वक योजत असे. बराकीतील व रस्त्यावरील बोलीत लिहिलेल्या या छोट्या, मार्मिक ओळींनी चित्राला संवादाचे रूप येई. पुष्कळ वेळा चित्र गंभीर व ओळ विनोदी अशी रचना असे.

इ.स. १८३८ ते १८४२ या काळात निघालेली ‘कॉर्पोरल व्हॅलेंटाइनचे नागरी, राजकीय व सैनिकी जीवन’ ही पन्नास शिलामुद्रितांची मालिका विशेष प्रसिद्ध आहे. एका काल्पनिक शिपायाच्या आयुष्यातील लहानमोठे प्रसंग तिच्यात क्रमाने येतात. एका सामान्य माणसाचे संपूर्ण चरित्र चित्रमालिकेतून सांगण्याचा हा प्रयत्न होता.

जुलै क्रांतीनंतर

इ.स. १८३०च्या जुलै क्रांतीने बूर्बों राजवट संपली. लुई-फिलिप राजा झाला आणि तिरंगी ध्वज परत आला. जी आठवण जपणे आतापर्यंत विरोधाचे लक्षण मानले जात होते, तिला शासनाचीच मान्यता मिळाली. इ.स. १८३२मध्ये फ्रेंच सैन्याने बेल्जियममधील अँटवर्पच्या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा शार्ले सैन्याबरोबर तेथे गेला होता. इ.स. १८४०मध्ये नेपोलियनचे अवशेष सेंट हेलेना बेटावरून समारंभपूर्वक पॅरिसला आणण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी नेपोलियनच्या बंदिवासातील आठवणींवरील लास काझ याच्या गाजलेल्या ग्रंथाची सचित्र आवृत्ती निघाली. तिची चित्रे शार्लेची होती. अनुकूल वातावरण लाभूनही नव्या राजवटीविषयी शार्लेच्या मनात समाधान नव्हते. गतकाळाविषयीची हुरहुर व वर्तमानाविषयीची नाराजी त्याच्या उत्तरायुष्यात वाढतच गेली.

‘रशियाच्या मोहिमेतील प्रसंग’

शार्लेने प्रदर्शनात मांडलेली तैलचित्रे फार थोडी आहेत. त्यांत इ.स. १८३६च्या सालोंमध्ये मांडलेले ‘रशियाच्या मोहिमेतील प्रसंग’ हे चित्र सर्वश्रेष्ठ मानले जाते. त्यानंतर मोरोच्या सैन्याने ऱ्हाईन ओलांडल्याचे चित्र (इ.स. १८३७) व दरीत थांबलेल्या जखमी सैनिकांचे चित्र (इ.स. १८४३) त्याने प्रदर्शित केले.

इ.स. १८१२च्या जून महिन्यात सुमारे सहा लाखांचे सैन्य घेऊन नेपोलियनने रशियावर स्वारी केली. ऑक्टोबरात मॉस्कोहून माघार सुरू झाली. थंडी, उपासमार, रोगराई व शत्रूचे हल्ले यांमुळे या सैन्याचा फारच थोडा भाग परत येऊ शकला. शार्लेच्या चित्रात करड्या, जड आभाळाखाली बर्फातून पाय ओढत चाललेला सैनिकांचा लोंढा दिसतो. घोडदळ व पायदळ, अधिकारी व शिपाई असा भेद त्यात उरलेला नाही. चित्राला नायक नाही. सम्राटाची आकृती, फडकणारा ध्वज वा वीराचा आविर्भाव यांपैकी कशावरही पाहणाऱ्याची नजर स्थिरावू शकत नाही.

कवी आल्फ्रेद द म्युसे याने या चित्राची मनापासून प्रशंसा केली. ‘वॉटर्लूचा ग्रेनेडियर’ आणि हे तैलचित्र यांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या चित्रात पराभव एका शिपायाच्या निश्चयामुळे सुसह्य होतो, तर दुसऱ्यात त्याला कोणताही दिलासा नाही. शार्लेला केवळ सैनिकी वैभवाचा गौरवकर्ता मानणाऱ्या मताला त्याच्या स्वतःच्या कलाकृतींतून मिळालेले हे सर्वांत प्रबळ उत्तर होय. हे चित्र आता लियों येथील ललितकला संग्रहालयात आहे.

अध्यापन व अखेरचे दिवस

शार्लेच्या चित्रशाळेत शिकलेल्यांमध्ये ओग्युस्त राफे हा सर्वांत नामांकित होय. गुरूचा सैनिकी विषय राफेने पुढे नेला. मृत सैनिकांच्या मध्यरात्रीच्या संचलनाचे त्याचे शिलामुद्रित विशेष गाजले. इ.स. १८३८मध्ये शार्लेची पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेत रेखाटनाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अभियंते व तोफखान्याचे अधिकारी घडवणाऱ्या या संस्थेत, सैन्यभरतीच्या कार्यालयातून काढून टाकलेला एकेकाळचा कारकून आता शिक्षक झाला होता.

याच वर्षापासून छातीच्या विकाराने त्याची प्रकृती ढासळू लागली. तरीही त्याचे काम थांबले नाही. कॉर्पोरल व्हॅलेंटाइनची मालिका व लास काझ याच्या ग्रंथाची चित्रे ही याच आजारपणाच्या काळातील आहेत. शार्ले अंगाने असाधारण उंच, चेहऱ्याने बोलका, खोडकर व दिलदार होता. मित्रमंडळींत तो फार प्रिय होता. इ.स. १८४५मध्ये पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्याचा मित्र व सैन्यातील अधिकारी द ला कोंब याने इ.स. १८५६मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले.

मूल्यमापन

शार्लेच्या कलेविषयी समीक्षकांत तीव्र मतभेद झाले. इ.स. १८५७मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवरील लेखात कवी शार्ल बोदलेर याने त्याच्यावर कठोर टीका केली. शार्ले जनतेच्या देशाभिमानाची खुशामत करतो व त्याचा शिपाई खराखुरा माणूस नसून आदर्शाचा पुतळा आहे, असा या टीकेचा रोख होता. ओनोरे दोमिये याच्या धारदार चित्रांपुढे शार्लेचा विनोद बोदलेरला बेगडी वाटला. उलटपक्षी चित्रकार यूजेन देलाक्र्वा याने इ.स. १८६२मध्ये शार्लेवर स्वतंत्र लेख लिहून त्याला आपल्या काळातील श्रेष्ठ रेखाटनकारांमध्ये स्थान दिले.

दोन्ही मतांना शार्लेच्या चित्रांत आधार मिळतो. भरतीच्या नोंदवहीत ज्यांचे केवळ नाव उरे, अशा माणसांना त्याने चेहरा व आवाज दिला. त्याच वेळी त्यांच्या दुःखाला शौर्याची झळाळी देऊन, ज्या सत्तेने त्यांना युद्धात लोटले तिच्याविषयीचे आकर्षणही त्याने वाढवले. त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन वर्षांनी, इ.स. १८४८मध्ये, नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन प्रचंड मतांनी फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला आणि इ.स. १८५२मध्ये सम्राट झाला. ज्या ग्रामीण मतदारांनी त्याला निवडून दिले, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात नेपोलियनचे नाव युद्धातून परतलेल्या शिपायांच्या गोष्टी, बेरांझेची गाणी व भिंतीवर लावलेली स्वस्त चित्रे यांमुळे टिकून राहिले होते.

सैनिकांचे गणवेश, शस्त्रे व बराकीतील रीतीभाती यांच्या अभ्यासासाठी शार्लेची मुद्रिते आजही उपयोगी पडतात. जगातील अनेक संग्रहालयांत व ग्रंथालयांत ती जतन करून ठेवलेली आहेत.